बारसं आणि सार्वमत

पद्माकर मंगळवारी ग्लिनगारूच्या सभेत बोलणार आहेत, हे त्यांच्या लेकीला, मीनलला, अजून कुणीच सांगितलं नव्हतं. बाळ पाळण्यात पडेपर्यंत ते तिच्या कानावर जाता कामा नये, असं सुलक्षणाबाईंनी ठरवून टाकलं होतं.

"अहो, आज तोंडातून शब्द काढायचा नाही," घुगऱ्यांवर खोबरं पसरताना त्यांनी नवऱ्याला बजावलं. "ना वेल्स, ना लंडन, ना असेंब्ली. नातीचं बारसं आहे. पितृपक्ष लागायच्या आत उरकायचं म्हणून मी कशीबशी आजची तारीख गाठलीय."

"मी नाही काढणार. तिनं काढला तर?"

"तर घुगऱ्यांचा बकाणा भरा."

पद्माकर हसले. पण त्यांनी सकाळपासून दोनदा कोटाच्या खिशातला भाषणाचा कागद चाचपून पाहिला होता, हे सुलक्षणाबाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

सत्त्याण्णवचा सप्टेंबर होता. येत्या गुरुवारी वेल्समधल्या माणसांना एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. कार्डिफमध्ये वेल्सची स्वतःची असेंब्ली, म्हणजे विधानसभा, हवी की नको? स्कॉटलंडनं गेल्याच गुरुवारी हो म्हणून टाकलं होतं. मीनल वेल्श माध्यमाच्या शाळेत शिकवायची. बाळंतपणाची रजा चालू असतानाही ती बाळाला पोटाशी बांधून 'हो'ची पत्रकं वाटत फिरत होती. तिचा नवरा इवान त्याच्याही पुढचा. त्याला असेंब्ली ही नुसती पहिली पायरी वाटे. वेल्सनं एक दिवस ब्रिटनच्या युनियनमधून बाहेर पडावं आणि युरोपच्या टेबलावर स्वतःची खुर्ची मांडावी, असं तो उघड म्हणायचा.

आणि नेमकी हीच भीती पद्माकरांना होती. ग्लिनगारूच्या खोऱ्यात त्यांनी रिटायर होईपर्यंतची सगळी वर्षं जीपी म्हणून, गावचे डॉक्टर म्हणून, काढली. खाणी चालू असताना काढली आणि बंद पडल्यावरही काढली. तिथली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली होती. 'डॉक्टर देसूरकर' म्हणायला जीभ वळत नसल्यानं सगळं गाव त्यांना 'डॉक्टर डेझ' म्हणायचं. 'नको'वाल्यांनी म्हणूनच त्यांना गाठलं होतं. डॉक्टर डेझ म्हणाले तर लोक ऐकतील.

दाराची बेल वाजली. इवानची आई, मेगन, हातात भलामोठा केक घेऊन उभी होती. मेगन ग्लिनगारूचीच. तिचा नवरा खाणीत होता, ती शाळेच्या किचनमध्ये. सुलक्षणाबाईंचं आणि तिचं नातं जुळायच्या आधीपासूनच मेतकूट होतं.

"मंगळवारी मी पहिल्या रांगेत बसणार आहे," कोट काढता काढता तिनं पद्माकरांना हळूच सांगितलं. "माझा मुलगा कुठल्याही रांगेत बसू दे."

"मेगन, तुझ्याकडे केकचं काम दिलंय ना? बाकीचं आज नको," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

*

बारसं छान पार पडलं. अतुल, मीनलचा धाकटा भाऊ, लंडनला बँकेत होता. तो वेम्बलीच्या भारतीय दुकानातले पेढे घेऊन पॅडिंग्टनच्या गाडीनं वेळेवर पोहोचला. पाळणा मेगनच्या नवऱ्यानं इवानसाठी केलेला होता, त्याला सुलक्षणाबाईंनी झेंडूऐवजी बागेतले डेलिया बांधले. अडचण एकच आली. नाव आत्यानं ठेवायचं असतं, आणि इवानला बहीण नव्हती.

"मग मेगनच आत्या," सुलक्षणाबाईंनी निकाल दिला. "बापाकडची बाई आहे ना? झालं तर."

मेगन पाळण्यावर वाकली. मीनलनं तिला दोन नावं चिठ्ठीवर लिहून दिली होती. पहिलं 'निया' तिनं सहज उच्चारलं. दुसऱ्याला ती थांबली, मीनलकडे पाहिलं, आणि मग बाळाच्या कानात सावकाश म्हणाली, "यमुना."

मीनल बाबांकडे बघत होती. यमुना हे त्यांच्या आईचं नाव. ते तिनं कुणालाही आधी सांगितलं नव्हतं. बाबांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला, आणि पुन्हा काढला. सगळ्यांनी वाकलेल्या मेगनच्या पाठीवर हलके हलके थोपटायला सुरुवात केली तेव्हा ते जरा उशिरानं पुढे आले. त्यांनी मीनलच्याच पाठीवर हात ठेवला.

'आज सगळं नीट होणार,' मीनलला वाटलं.

जेवायला बसल्यावर अतुलनं श्रीखंड वाढून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, स्पीच झालं का लिहून? मला दाखवा, इकॉनॉमिक्सचे पॉइंट्स मी टाइट करून देतो."

सुलक्षणाबाईंनी घुगऱ्यांचं भांडं नवऱ्यापुढे सरकवलं, पण उशीर झाला होता.

"कुठला स्पीच?" मीनलनं विचारलं.

"ग्लिनगारूला," पद्माकर म्हणाले. "मंगळवारी. हॉलमध्ये. मी 'नको'च्या बाजूनं बोलणार आहे."

"माझ्या गावात?" इवाननं विचारलं. आवाज त्यानं चढवला नव्हता.

"माझंही आहे ते थोडंफार," पद्माकर म्हणाले.

इवान आणि मेगन होते म्हणून पुढचं सगळं इंग्रजीत झालं, मधूनमधून मराठीत घसरत.

"हे बघ मीनल, साधा हिशेब आहे," अतुलनं सावरून घ्यायला तोंड घातलं आणि प्रकरण आणखी बिघडवलं. "वेल्समधून टॅक्स जातो त्यापेक्षा जास्त पैसा वेल्सला येतो. हॉस्पिटलं, पेन्शन, सगळं लंडनच्या ट्रेझरीतून. उद्या युनियन सुटली तर ते कोण देणार? जपानी कारखाने इकडे येतात ते ब्रिटनमध्ये यायचं म्हणून. वेल्सवर प्रेम म्हणून नाही."

"आणि दोनशे वर्षं कोळसा गेला तो?" इवान म्हणाला. "पोलाद गेलं, पाणी गेलं. तेव्हा कुणी हिशेब मांडला नाही. खाणी बंद करायचं लंडनमध्ये ठरलं. आमच्या दवाखान्यांचं, शाळांचं ठरवणाऱ्या समित्यांवर माणसं कोण बसवतं? आम्ही निवडत नाही. मला भीक नको, अतुल. मला ठरवायचंय."

"ठरव ना. पण तू तर निघूनच जायचं म्हणतोस."

"एक दिवस. हो. युरोपात."

"म्हणजे एका घरातून निघायचं आणि दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं," पद्माकर म्हणाले.

"ओसरीवर नाही बाबा, टेबलावर. आयर्लंड बसलंय तसं," इवान म्हणाला.

"अतुल, तुला तर मतही नाहीये," मीनल भावाला म्हणाली. "तू लंडनला राहतोस. तू श्रीखंड खा." मग ती वडिलांकडे वळली आणि मराठीत बोलली. चिडली की तिचं मराठी अडखळायचं. "बाबा, पैशाचा गोष्ट तुमचा नाहीये. मला माहितीय. खरा गोष्ट काय आहे?"

पद्माकरांनी ताटातला चमचा बाजूला ठेवला.

*

ही हकीकत सुलक्षणाबाईंनी पूर्वी ऐकली होती, पण तुकड्या-तुकड्यांनी. मुलांना तर ती ठाऊकच नव्हती.

"आमचं बेळगाव मुंबई राज्यात होतं," पद्माकर मेगनकडे बघत इंग्रजीत सांगू लागले, जणू तिलाच समजावून देत होते. "माझे वडील कचेरीत हेडक्लार्क. जुने मोडी कागद वाचायला लोक लांबून त्यांच्याकडे यायचे. छप्पन साली भाषेप्रमाणे राज्यं केली आणि बेळगाव पलीकडे, कन्नड राज्यात गेलं. गाव तेच, घर तेच. कन्नड शेजारीही तेच, त्यांच्याशी आमचं काही वाकडं नव्हतं. मी लहानपणापासून त्यांच्या घरी जेवलोय. पण हळूहळू कचेरीत कागद दुसऱ्या लिपीत यायला लागले. मी मुंबईहून सुट्टीला गेलो तर वडील पाटी घेऊन बसलेले. पन्नाशीचा माणूस अक्षरं गिरवत होता. मला बघून त्यांनी पाटी उलटी ठेवली."

पद्माकर आता मीनलकडे वळले.

"एक भाषा राज्यावर बसली की ज्यांची ती भाषा नाही त्यांचं काय होतं, ते मी बघितलंय. इथे मोठं राज्य आहे, सगळ्यांचं आहे, कुणा एकाचं नाही. म्हणून मी इथे आलो. त्यात मला मावता आलं."

"आणि तुम्ही मोर्चात होतात ते?" सुलक्षणाबाई म्हणाल्या.

पद्माकरांनी चमकून पाहिलं. आपली बायको बाजू बदलेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"आम्ही दोघं भेटलो कुठे, ते सांगा की पोरांना. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात. मी गिरगावातली, कॉलेजला होते. अश्रुधूर सोडला तेव्हा ह्यांनी मला ओला रुमाल दिला. तेव्हा काय ओरडत होतात तुम्ही? आमच्या भाषेचं राज्य आम्हाला द्या. सगळे म्हणत होते देश फुटेल. फुटला का? अहो, तुमच्या वडिलांना पाटी घ्यावी लागली ती त्यांच्या भाषेला तिथे मान उरला नाही म्हणून. मीनल तेच म्हणतेय ना? वेल्शला मान द्या म्हणतेय."

"तुझं शहर तुला मिळालं, सुलक्षणा," पद्माकर मराठीत हळू म्हणाले. "माझं नाही मिळालं मला."

त्यावर सुलक्षणाबाईंनी माघार घेतली. छत्तीस वर्षांच्या संसारात असं फार थोड्या वेळा झालं होतं.

मग मेगन बोलली. तिला वेल्श येत नव्हतं. "माझी आई वेल्शच बोलायची, पण आमच्याशी नाही," ती म्हणाली. "पोरांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून घरात इंग्रजी. शेवटी आजारी पडली तेव्हा तिचं इंग्रजी सगळं गेलं. वेल्शच उरलं. मी उशाशी बसलेली आणि मला एक शब्द कळेना. डॉक्टर, तुम्हीच विचारलं होतं तिला वेल्शमध्ये, कुठे दुखतंय ते."

"तेवढंच यायचं मला," पद्माकर म्हणाले. "पेशंटकडून शिकलो होतो."

"मी तरी 'नको'लाच देणार," मेगन घाईनं म्हणाली. "मला राजकारण्यांची आणखी एक खोली भरायची नाहीये."

इवाननं आईच्या खांद्याला खांदा लावला. "दे गं तू. तुझं तू बघ."

वर बाळ रडायला लागलं तशी मीनल उठून गेली.

पद्माकर तिच्या मागोमाग वर गेले तेव्हा ती खिडकीशी पाजत बसली होती. ते पाठ करून कॉटवर बसले.

"नावाबद्दल..." त्यांनी सुरुवात केली.

"ते वेगळं आहे बाबा. ते लाच नाहीये."

"मला ठाऊक आहे. तेच सांगत होतो." मग त्यांनी विचारलं, "ही कुठली भाषा बोलणार?"

"इवान तिच्याशी वेल्श बोलणार. शाळापण वेल्श."

"आणि तू?"

"मी मराठी बोलायचं म्हणते. पण माझं मराठी... तुम्हीच हसता. 'पैशाचा गोष्ट' म्हणते मी." तिनं बाळाला खांद्यावर घेतलं. "तुम्हाला वाटतं की ती तुमच्याशी बोलणारच नाही. म्हणून तुम्ही 'नको' म्हणता."

"अर्धं त्यासाठी," पद्माकर प्रामाणिकपणे म्हणाले. "अर्धं अतुल म्हणतो म्हणून."

ती हसली. मग म्हणाली, "नका ना जाऊ मंगळवारी. तुम्ही बोललात तर लोक ऐकतील."

"शब्द दिलाय गं. आणि मला ते खरं वाटतं. खरं वाटतं ते घरात बोलायचं आणि बाहेर नाही, असं कसं करू?"

"मग मी येणार. आणि प्रश्न विचारणार."

"ये की," पद्माकर म्हणाले. "गाडीत जागा आहे. वेगळी बस कशाला?"

*

मंगळवारी हॉल भरला होता. पद्माकरांनी व्यासपीठावरून पाहिलं तर चेहऱ्यांआधी त्यांना आजार आठवत होते. तो दमा, ती किडनी, हा खांदा. मेगन पहिल्या रांगेत होती. मीनल, इवान आणि सुलक्षणाबाई मागे भिंतीशी.

ते बरं बोलले. सगळ्या ब्रिटनची म्हणून उभी राहिलेली आरोग्यसेवा, त्यात बेळगावचा डॉक्टर ग्लिनगारूच्या खाणकामगाराला तपासतो, हे तुकडे पाडून टिकेल का, असं त्यांनी विचारलं. पैशाबद्दल अतुलनं सांगितलेलं सांगितलं. वडिलांच्या पाटीबद्दलही सांगितलं, कागदावर ते नव्हतं तरी.

प्रश्नांच्या वेळी मीनल उभी राहिली. बाळ तिच्या पोटाशी झोपलेलं होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, आणि काही जण हसले, कारण ती कोण हे गावाला माहीत होतं. "तुमच्या वडिलांच्या हातात पाटी आली, त्याआधी कुणी त्यांना विचारलं होतं का? आम्हाला विचारतायत. एवढा फरक तुम्हाला पुरेसा वाटत नाही का?"

पद्माकर उत्तर देणार तोच समोरच्या बाजूचा एक माणूस, पद्माकरांच्या ओळखीचा नसलेला, मान वळवून तिला म्हणाला, "बाई, तुम्ही आधी तुमच्या देशाचं बघा."

हॉलमध्ये कुजबुज झाली. इवान भिंतीपासून पुढे निघाला होता. पद्माकरांनी त्याला हातानं थांबवलं.

"ती तिच्याच देशाचं बघतेय," ते म्हणाले. माईकची त्यांना गरज पडली नाही. "डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात जन्मली, ह्याच रस्त्यावर सायकल शिकली. तुम्ही माझ्याच बाजूचे आहात, साहेब. मला मतं हवी आहेत, पण अशा बोलण्यातून आलेलं मत मला नको. तुम्ही हवं तर 'हो'ला द्या."

आधी मेगननं टाळ्या वाजवल्या, मग मागच्या रांगांनी, त्यात 'हो'वालेही होते. तो माणूस बसून राहिला.

"आता तुझा प्रश्न," पद्माकर मीनलला म्हणाले. "नाही, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर ते 'नको' म्हणाले असते. म्हणून त्यांच्या वतीनं मी म्हणतोय."

मीनल खाली बसली. सुलक्षणाबाईंनी तिच्या मांडीवर हात ठेवला. वर, दिव्याखाली, पद्माकर पाण्याचा ग्लास शोधत होते. इतक्या माणसांत ते सुलक्षणाबाईंना एकदम फार एकटे दिसले.

परतताना गाडीत इवान मागच्या सीटवरून म्हणाला, "बाबा, आम्ही हरलो तर तुमच्यामुळे हरणार."

"जिंकलात तर?"

"तरी तुम्हाला जेवायला बोलवू."

*

गुरुवारी पद्माकर आणि सुलक्षणाबाई कोपऱ्यावरच्या शाळेत चालत जाऊन मत देऊन आले. वाटेत दोघं बागेबद्दल बोलले.

शुक्रवारी सकाळी रेडिओ लावला तर निकाल लागलेला होता. रात्रभर 'नको' पुढे होतं, कार्डिफनंही 'नको'च म्हटलं होतं, आणि शेवटच्या एका परगण्याची मतं आली तेव्हा पारडं फिरलं. असेंब्ली होणार होती. अख्ख्या देशाच्या मतदानात फरक इतका थोडा, की एवढी माणसं फुटबॉलच्या मॅचला येतात.

मीनलचा फोन आला. ती रात्रभर जागी होती आणि तिला धड बोलता येत नव्हतं. "बाबा, रागावला नाहीत ना?"

"हरलेल्यानं रागवायचं नसतं," पद्माकर म्हणाले. "अभिनंदन. आता नीट चालवा म्हणजे झालं. आणि ऐक, शनिवारी पोरीला इकडे आण. दर शनिवारी. माझ्याशी ती मराठीच बोलेल. तूही बस तिच्या शेजारी."

पलीकडे मीनल आधी हसली आणि मग रडली. बाळानं तिला साथ दिली म्हणून फोन ठेवावा लागला.

मग त्यांनी मेगनला फोन केला. हरलेल्यांनी एकमेकांची विचारपूस करावी म्हणून. ते बराच वेळ नुसतं ऐकत होते. फोन ठेवून स्वयंपाकघरात आले आणि खुर्चीवर बसले.

सुलक्षणाबाई कोथिंबीर निवडत होत्या. "काय म्हणते?"

"तिनं 'हो'ला दिलं." पद्माकरांचा आवाज अविश्वासानं भरला होता. "पहिल्या रांगेत बसली, टाळ्या वाजवल्या, आणि पेन्सिल हातात घेतल्यावर म्हणे आई डोळ्यापुढे आली. माफी मागत होती माझी. मी म्हटलं, त्यात माफी कसली." त्यांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे घरात 'नको'वाला मी एकटाच."

सुलक्षणाबाईंनी एक पिवळं पान बाजूला काढलं.

"एकटे नव्हतात," त्या म्हणाल्या.

पद्माकरांना समजायला वेळ लागला. "तू?"

"मीनलला सांगू नका."

"पण तू तर... जेवताना माझ्यावर तुटून पडलीस. मोर्चा काय, रुमाल काय."

"ते खरंच होतं. मीनलचंच बरोबर आहे, मला अजून वाटतं." त्या निवडत राहिल्या. "पण तिच्या बाजूला तिचा नवरा आहे, तिची शाळा आहे, तिचं वय आहे. परवा त्या हॉलमध्ये तुमच्याकडे बघत होते मी. तुमच्या बाजूला कोण होतं? एक तो समोरचा माणूस. म्हटलं, त्या माणसाबरोबर ह्यांना एकटं नाही सोडायचं."

पद्माकरांनी कपाळाला हात लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. सुलक्षणाबाईंनी घाबरून वर पाहिलं, तर ते हसत होते, डोळे पुसत.

"अगं, इतक्या थोडक्यात गेलं. तुझ्यासारख्या आणखी काही बायका निघाल्या असत्या, तर वेल्सची असेंब्ली बुडाली असती. उद्या निया मोठी होऊन विचारेल, आजी, तेव्हा तू काय केलंस? काय सांगशील?"

"सांगेन," सुलक्षणाबाई म्हणाल्या, "तुझ्या आजोबांना सोबत केली."

आणि त्यांनी निवडलेली कोथिंबीर धुवायला घेतली.